आला नाही, की आणलं नाही?

ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांत रुग्णाच्या कागदावर वर्षानुवर्षं तीन अक्षरं लिहिली जात होती : डी, एन, ए. आनुवंशिकतेशी त्यांचा काही संबंध नाही. ‘डिड नॉट अटेंड’चं ते लघुरूप. वेळ दिली होती, रुग्ण आला नाही. गुडघा दुखतो म्हणून नाव नोंदवलेले साठ वर्षांचे गृहस्थ आले नाहीत, तर हा शेरा अगदी चोख आहे. त्यांना यायचं नव्हतं, विसरले असतील, किंवा गुडघा बरा झाला असेल. पण तोच शेरा सात महिन्यांच्या बाळाच्या कागदावरही पडत होता. आला नाही म्हणे. कसा येणार होता, बसचं तिकीट काढून?

मराठीत ‘येणं’ आणि ‘आणणं’ अशी दोन सरळ, वेगळी क्रियापदं आहेत. पहिल्यात कर्ता मूल असतं, दुसऱ्यात मोठं माणूस. आपण मात्र ही सोय असूनही ती वापरत नाही. अंगणवाडीच्या वहीत, शाळेच्या हजेरीत, दवाखान्याच्या रजिस्टरात आपणही ‘आला नाही’, ‘गैरहजर’ असंच लिहितो. जे काम मूल करूच शकत नाही, ते न केल्याची नोंद त्याच्याच नावावर पडते.

हा केवळ व्याकरणाचा खोडसाळपणा नाही. मोठ्या माणसांसाठी केलेला नियम त्या शेऱ्यासोबत लहानांना लागू होतो. एकदा आला नाही, दुसऱ्यांदा आला नाही, की तिथली अनेक रुग्णालयं, म्हणजे ब्रिटनमधली, पाठवणाऱ्या डॉक्टरला एक पत्र लिहून नाव कमी करतात. प्रतीक्षायादी लांब असते, दुसरा कुणीतरी खोळंबलेला असतो, त्यामुळे यात अन्याय झाला असंही कुणाला वाटत नाही. कागद मिटतो. आणि कधी कधी, ज्या मुलाकडे सगळ्यांत आधी बघायला हवं होतं, नेमकं त्याचंच दार अशा रीतीने बंद होतं.

ब्रॅडफर्ड हे उत्तर इंग्लंडमधलं, एकेकाळी लोकरीच्या गिरण्यांसाठी नावाजलेलं शहर. सप्टेंबर २०११मध्ये तिथल्या एका घरात पोलिस शिरले. शेजाऱ्यांची तक्रार होती, आणि दार उघडत नाही म्हणून एका महिला पोलिस कर्मचाऱ्याने पाठपुरावा सोडला नव्हता. आत एका पाळण्यात लहान मुलाचा मृतदेह होता. हमजा खान त्याचं नाव. तो डिसेंबर २००९मध्येच, म्हणजे जवळजवळ एकवीस महिने आधी मरण पावला होता. मृत्यूच्या वेळी वय साडेचार वर्षं, आणि अंगावरचे कपडे सहा ते नऊ महिन्यांच्या बाळाच्या मापाचे. आईला दारूचं व्यसन होतं; तिनेही घरात मार खाल्लेला होता. २०१३मध्ये न्यायालयाने तिला सदोष मनुष्यवधासाठी पंधरा वर्षांची शिक्षा दिली.

त्यानंतर प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालात जे दिसतं, ते वाचून राग कुणावर काढावा हेच कळत नाही. हमजाला लसीकरणासाठी बोलावलं, आणलं नाही. तपासणीसाठी बोलावलं, आणलं नाही. शेवटी दवाखान्याने त्याचं नाव आपल्या यादीतून काढून टाकलं. कुणी त्याला बघून ‘ठीक आहे’ म्हणालं नव्हतं. कुणी त्याला बघितलंच नव्हतं. उलट मुलासाठी मिळणारा सरकारी भत्ता त्याच्या मृत्यूनंतरही आई घेत राहिली. पैशाच्या वहीत तो मेल्यावरही जिवंत होता, दवाखान्याच्या यादीतून मात्र केव्हाच नाहीसा झाला होता.

हमजाची गोष्ट उपासमारीची आणि हेळसांडीची. मारहाणीच्या प्रकरणांत न आणण्याला आणखी एक कारण असतं, आणि ते शरीराच्या घड्याळाशी जोडलेलं आहे. समजा, चार महिन्यांच्या बाळाला बुधवारी लस द्यायची आहे आणि रविवारी रात्री त्याच्या दंडावर कुणाची तरी बोटं उमटली आहेत. बुधवारी नर्स झबलं काढणार, मांडी आणि दंड बघणार. पुढच्या बुधवारपर्यंत वळ फिका पडेल. त्याच्या पुढच्या बुधवारी बहुधा दिसणारही नाही. अशा वेळी एक फोन पुरतो : “सर्दी झालीय हो, पुढच्या आठवड्यात आणते.” फोन घेणारीला हे रोज ऐकायची सवय असते, आणि शंभरातल्या बहुतेक जणी खरंच सर्दीसाठीच फोन करत असतात.

हा वळ इतका महत्त्वाचा का? तर रांगूही न शकणाऱ्या बाळाला सहसा वळ उठतच नाहीत. ते कुठे आदळणार? अमेरिकेत सिअ‍ॅटल इथल्या डॉक्टरांनी १९९९मध्ये हे मोजून दाखवलं. नेहमीच्या तपासणीला आणलेल्या मुलांची त्यांनी अंगभर पाहणी केली. सहा महिन्यांखालच्या ३६६ बाळांपैकी फक्त दोघांच्या अंगावर वळ सापडला. चालायला लागलेल्या मुलांच्या नडग्यांवर आणि कपाळांवर मात्र खुणा सर्रास होत्या, आणि ते अगदी स्वाभाविक आहे. ‘धडपडला असेल’ हे वाक्य दोन वर्षांच्या मुलाबद्दल खरं असू शकतं. चार महिन्यांच्या बाळाबद्दल ते उच्चारणाऱ्याला ‘कसा?’ असं विचारायला हवं.

पुढे २०१३मध्ये मिलवॉकीच्या एका अभ्यासाने याची दुसरी बाजू उघड केली. मारहाण झाल्याचं निश्चित ठरलेल्या एक वर्षाखालच्या २०० बाळांचे जुने कागद तपासले, तेव्हा त्यांतल्या ५५ जणांना त्या मोठ्या इजेच्या आधी एखादी किरकोळ इजा झालेली होती : एखादा वळ, ओठाच्या आत लागलेलं. ज्यांना मारहाण झालीच नव्हती अशा १०१ बाळांपैकी एकाच्याही कागदात तसं काही नव्हतं. थोडक्यात, मोठ्या इजेआधी अनेकदा छोटी इजा होते, आणि ती दिसण्याची जागा म्हणजे हीच कंटाळवाणी, वजन-उंची-लस अशी तपासणी. त्या दिवशी मूल आलं नाही, तर गमावली जाते ती ही खिडकी.

दुसरं घड्याळ हाडांचं. दोन हातांत छाती धरून बाळाला दाबलं किंवा गदागदा हलवलं, तर बरगड्या मोडतात. बाहेर अनेकदा एक ओरखडाही नसतो. नव्याने मोडलेली बरगडी साध्या एक्स-रेत चटकन दिसत नाही, कारण भेग केसासारखी असते आणि हाडं जागची हललेली नसतात. पण आठ-पंधरा दिवसांत शरीर तिथे नवं हाड जमवू लागतं, बरगडीवर गाठ येते, आणि ती चित्रात स्पष्ट उमटते. म्हणून मारहाणीचा संशय असलेल्या बाळाचे संपूर्ण सांगाड्याचे एक्स-रे एकदा काढून भागत नाही. ब्रिटनमधल्या क्ष-किरणतज्ज्ञांच्या आणि बालरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी दुसरी फेरी अकरा ते चौदा दिवसांनी, आणि कोणत्याही परिस्थितीत अठ्ठावीस दिवसांच्या आत करायला सांगितलं आहे. पहिल्या फेरीला मूल रुग्णालयातच असतं. दुसऱ्या फेरीला त्याला घरून आणावं लागतं. या एका भेटीवर किती अवलंबून असतं हे लक्षात घेतलं, की तिच्या रकान्यात ‘डीएनए’ लिहून पुढचं नाव पुकारणं किती महाग पडू शकतं ते कळेल.

डॉक्टरांनाही हे सगळं उमगायला वेळ लागला. न्यूयॉर्कचे जॉन कॅफी यांनी १९४६मध्ये मेंदूभोवती रक्तस्राव झालेल्या सहा बाळांच्या हातापायांत तेवीस मोडलेली हाडं असल्याचं छापलं, पण कुणी मोडली हे स्पष्ट म्हटलं नाही. ते म्हणायचं धाडस केलं १९६२मध्ये डेन्व्हरच्या हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांनी अमेरिकेतल्या रुग्णालयांकडे विचारणा केली होती; ७१ रुग्णालयांनी एका वर्षातली ३०२ प्रकरणं कळवली. त्यांतली ३३ मुलं दगावली होती, ८५ जणांच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. केम्प यांनी लिहिलं त्याचा मथितार्थ असा, की आईबाप असं करतील यावर डॉक्टरांचाच विश्वास बसत नाही. पाचेक वर्षांत अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत अशा प्रकरणांची माहिती देणं बंधनकारक करणारे कायदे आले. मात्र कॅफी काय किंवा केम्प काय, त्यांच्यासमोर होती ती रुग्णालयात पोचलेली मुलं. न पोचलेल्यांचा विचार करायला आणखी तीस वर्षं गेली.

तो केला पीटर रेडर, सिल्व्हिया डंकन आणि मोइरा ग्रे या तिघांनी. घरच्यांच्या हातून मेलेल्या मुलांबद्दल ब्रिटनमध्ये झालेल्या ३५ चौकशांचे अहवाल त्यांनी एकत्र वाचले आणि १९९३मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. एकेका अहवालात एकेका अधिकाऱ्याची चूक दिसते. पस्तीस एकत्र ठेवल्यावर घरांची वागणूक दिसू लागली. अनेक घरं शेवटच्या काळात मिटत गेली होती. पडदे ओढलेले, दार उघडत नाही, मूल शाळेत जाईनासं झालेलं, दवाखान्याच्या वेळा एकामागून एक चुकलेल्या. लेखकांनी याला ‘क्लोजर’ म्हटलं. काही घरं पत्ता बदलून निघून जात. आणि तिसरी तऱ्हा सगळ्यांत फसवी : कुणीतरी चिडून पाठपुरावा करू लागलं की आईबाप एकाएकी गोड होतात, घर आवरून ठेवतात, दोन भेटींना वेळेवर हजर राहतात. वरून दबाव ओसरला की पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

मिटत जाणं म्हणजे काय, हे व्हिक्टोरिया क्लिंबीच्या गोष्टीत दिसतं. आयव्हरी कोस्टमध्ये जन्मलेल्या या मुलीला चांगलं शिक्षण मिळेल म्हणून आईवडिलांनी दूरच्या आत्येबरोबर युरोपात पाठवलं. १९९९च्या जुलैत लंडनच्या दोन रुग्णालयांनी तिला दहा दिवसांच्या अंतराने बघितलं. पहिल्या ठिकाणी अंगावरच्या खुणांना खरजेचा शेरा मिळाला. दुसऱ्या ठिकाणी ती डोक्यावर भाजल्यामुळे दाखल झाली आणि तेरा-चौदा दिवसांनी त्याच आत्येबरोबर घरी परतली. त्यानंतर अगदी शेवटच्या घटकेपर्यंत कुठलाही डॉक्टर तिच्यापर्यंत पोचला नाही. शाळेत तिचं नाव कधी घातलंच नव्हतं, त्यामुळे ती नाही म्हणून कुणाची हजेरी अडली नाही. समाजसेविका घरी गेली, दार वाजवलं, कुणी उघडलं नाही. पुन्हा गेली, पुन्हा तेच. आत्या कुठेतरी निघून गेली असावी असा समज झाला. २५ फेब्रुवारी २००० रोजी व्हिक्टोरिया मरण पावली. वय आठ वर्षं, अंगावर १२८ वेगवेगळ्या जखमा. त्याच दिवशी हॅरिंगे भागाच्या समाजसेवा विभागाने तिची फाइल अधिकृतपणे बंद केली. पुढे लॉर्ड लेमिंग यांच्या चौकशीने १०८ शिफारशी केल्या आणि ब्रिटनचा मुलांबाबतचा कायदा २००४मध्ये बदलला. मला मात्र त्या जाडजूड अहवालापेक्षा न उघडलेलं ते दार जास्त बोलकं वाटतं. दार उघडत नाही याचा अर्थ ‘आत कुणी नाही’ असाही होतो आणि ‘आत कुणीतरी आहे, पण दाखवायचं नाही’ असाही. सोयीचा अर्थ निवडला गेला.

इथे वाचकाला वाटेल, की मग दवाखान्यात न आणणारे सगळे संशयित. नाही. हे ठासून सांगायला हवं, कारण चुकीच्या घरावर बोट ठेवण्यानेही मुलांचं नुकसान होतं. भेटी चुकतात त्या बहुतेक वेळा अगदी साध्या कारणांनी. पत्र जुन्या पत्त्यावर गेलेलं असतं. ते इंग्रजीत असतं आणि आईला इंग्रजी वाचता येत नसतं. रोजंदारी बुडते. दोन बस बदलाव्या लागतात आणि कडेवर दुसरं मूल असतं. आई स्वतः आजारी असते, किंवा तिला घराबाहेर पडायचीच परवानगी नसते, आणि या शेवटच्या कारणात एक वेगळी धोक्याची खूण आहे हेही जाता जाता लक्षात ठेवायला हवं. गरिबी म्हणजे क्रौर्य नव्हे. डेन्व्हरच्या डॉक्टरांनी १९९९मध्ये मारहाणीने डोक्याला इजा झालेल्या १७३ मुलांचे कागद पाहिले, तेव्हा ५४ जणांचं निदान पहिल्या भेटीत हुकलं होतं. हुकण्याचं प्रमाण कुठे जास्त होतं? गोऱ्या घरांत, आणि आईबाप दोघं एकत्र राहत असलेल्या घरांत. सभ्य दिसणाऱ्या माणसाला प्रश्न विचारायला डॉक्टरची जीभ अडखळते, इतकंच.

उलट, नेमाने दवाखान्यात येणं म्हणजे सुरक्षितता, असंही नाही. त्याच हॅरिंगे भागात २००७मध्ये मेलेला सतरा महिन्यांचा पीटर कॉनेली आठ महिन्यांत वेगवेगळ्या अधिकाऱ्यांच्या आणि डॉक्टरांच्या नजरेखालून साठ वेळा गेला होता. मृत्यूच्या दोनच दिवस आधी एका बालरोगतज्ज्ञाने त्याला बघितलं होतं. आणि वैद्यकाच्या पुस्तकांत अशाही आया आहेत, ज्या मुलाला नसलेले आजार सांगत किंवा स्वतः आजारी पाडत रुग्णालयांचे उंबरठे झिजवतात. रॉय मेडो या डॉक्टरांनी १९७७मध्ये त्याची पहिली प्रकरणं मांडली. तेव्हा ‘किती वेळा आले’ हा आकडा एकटा काही सांगत नाही. फिलाडेल्फियात २००५मध्ये झालेला अभ्यास या दृष्टीने मजेशीर आहे. गंभीर छळ उघडकीला आलेल्या लहान मुलांच्या आधीच्या वर्षातल्या दवाखान्याच्या भेटी संशोधकांनी इतर मुलांशी ताडून पाहिल्या. अपघात विभागाच्या फेऱ्यांत फरक पडला नाही. फरक पडला तो नेहमीचा डॉक्टर बदलण्यात : छळ झालेल्या मुलांचे डॉक्टर जास्त वेळा बदललेले होते. ज्याला मुलाचं आधीचं अंग आठवतं, असा माणूसच शिल्लक राहू द्यायचा नाही.

म्हणजे शोधायचा असतो तो आकृतिबंध. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००९मध्ये डॉक्टरांसाठी जी मार्गदर्शिका काढली, तिची मांडणी याच शहाणपणाची आहे. तिने दोन पायऱ्या केल्या : ‘विचारात घ्या’ आणि ‘संशय धरा’. मुलाच्या आरोग्यासाठी आवश्यक अशा पुन्हापुन्हाच्या भेटी पालक टाळत राहिले, लसीकरण आणि वाढीच्या तपासण्यांना आणलं नाही, तर हेळसांडीची शक्यता ‘विचारात घ्या’. त्यात न पटणारी जखम, दर वेळी बदलणारी हकीकत, इजा होऊन बराच काळ गेल्यावर दवाखाना गाठणं, यांची भर पडली की पुढची पायरी. पहिल्या पायरीवर पोलिसांना बोलवायचं नसतं. फाइल मिटायची नसते, एवढंच.

नाव बदलण्याची कल्पना २०१२मध्ये कॅथरीन पॉवेल आणि जेन अ‍ॅपलटन या दोघींनी एका लेखात पद्धतशीर मांडली. ‘डिड नॉट अटेंड’ नको, ‘वॉज नॉट ब्रॉट’ म्हणा. आणलं नाही. कर्मणी प्रयोग आहे, कर्ता गाळलेला आहे, आणि म्हणूनच वाचणाऱ्याच्या मनात लगेच प्रश्न उभा राहतो : कुणी आणलं नाही? का? ‘आला नाही’ या वाक्याने असा काही प्रश्न पडत नाही. नॉटिंगहॅम शहराने २०१७मध्ये याच विषयावर काही मिनिटांची एक अ‍ॅनिमेशन फिल्म काढली. डॉक्टरांच्या संगणकात ‘मुलाला भेटीसाठी आणलं नाही’ ही वेगळी नोंद आली. दंतवैद्यांनीही ती उचलली, आणि हे मला विशेष महत्त्वाचं वाटतं. किडलेल्या दाढेने रात्रभर रडणारं मूल, वेदना माहीत असूनही चार वेळा आणलं जात नाही, तर त्या घराबद्दल दातांचा डॉक्टर जे जाणतो ते दुसरं कुणी जाणत नाही.

शब्द बदलल्याने सगळं बदललं असं कुणी म्हणू नये. रजिस्टरात नवा शेरा मारून जुन्याच सवयीने पान उलटता येतं. जिथे फरक पडला, तिथे शेऱ्याला काम जोडलेलं होतं. त्याच दिवशी फोन करायचा. पत्ता आणि नंबर अजून तोच आहे का बघायचं. सूर विचारपूस करणारा ठेवायचा : काही अडचण आली का, बस मिळत नाही का, दुसरी वेळ देऊ का? मग त्या मुलाच्या नेहमीच्या डॉक्टरशी, घरी जाणाऱ्या नर्सशी, शाळेशी बोलायचं, कारण प्रत्येकाकडे एकच तुकडा असतो. दवाखान्याला वाटतं एक भेट चुकली. शाळेला वाटतं सोमवारी बरेचदा येत नाही. नर्सला वाटतं दार उघडत नाही. हे तिन्ही तुकडे तारखांसह एका कागदावर उतरवले, की कधी कधी काहीच निघत नाही, आणि कधी अंगावर काटा येतो.

आता आपल्याकडे. आपल्या बहुतेक दवाखान्यांत वेळ दिलेलीच नसते, त्यामुळे ती चुकल्याचंही कळत नाही. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत प्रत्येक खेपेला केस पेपर काढायचा, नंबर लावायचा. ‘आठ दिवसांनी दाखवा’ असं डॉक्टर त्यावर लिहितात. आठ दिवसांनी ते मूल दिसलं नाही, याची दखल घेणारी यादी कुणाच्या टेबलावर नसते. डॉक्टर बदलणं तर आपल्याकडे रीतच आहे. ‘त्यांच्या हाताला गुण नाही’ असं म्हणून माणसं गाव बदलतात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मोडलेला हात एका तालुक्यात, भाजलेला पाय दुसऱ्या तालुक्यात, अशी दोन केस पेपरांची गाठ कधी पडतच नाही. खाजगी डॉक्टरला एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवण्याची, कोर्टाच्या खेपांची धास्ती असते, ती वेगळीच.

पण एक गोष्ट आपल्याकडे आहे, आणि तिची किंमत आपण ओळखलेली नाही. लसीकरणाच्या दिवशी एएनएम ताईंच्या आणि आशा ताईंच्या हातात ड्यू लिस्ट असते. या बाळाला आज लस द्यायची आहे, नाव अमुक, घर अमुक. बाळ आलं नाही तर आशा ताई घरी जाते. ब्रिटनला जे नव्याने शिकवावं लागलं, ते आपल्या गावातली बाई वर्षानुवर्षं पायी करते आहे. तिला मिळणारी उत्तरंही ठरलेली : ताप आहे, सासू नको म्हणते, मामाकडे गेलंय. बीडचं ऊसतोड कुटुंब कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात उतरलेलं असेल, तर घराला कुलूपच असतं. ही कारणं खरी असतात. तिला शिकवायचं ते एवढंच, की ‘मामाकडे गेलंय’ हे उत्तर सलग तिसऱ्यांदा आलं, तर लिस्टवर खूण करण्याआधी मूल डोळ्यांनी बघायचं. लस द्यायला नव्हे, बघायला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३मध्ये आपल्याच पालघरहून झाली. त्याची पथकं अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांना एकदा तपासतात, गरज असेल त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवतात. पाठवलेलं मूल पोचलं का, आणि तपासणीच्या दिवशी नेमकं कोणतं मूल दर वेळी घरी असतं, या दोन रकान्यांतही तोच प्रश्न दडलेला आहे.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून २००७मध्ये अहवाल काढला होता. दर तिघांपैकी दोघांनी मार खाल्ल्याचं सांगितलं. आपल्याकडे ‘छडी लागे’ची परंपरा असल्यामुळे हा आकडा वाचून फारसं कुणी दचकलं नाही. इथला विषय शिस्तीचा धपाटा नाही, बरगडी मोडणारा हात आहे. पण धपाट्याला कुणी काही विचारत नाही, या सवयीच्या आडोशालाच तो हात उभा असतो. कायदा मात्र स्पष्ट आहे. बाल न्याय कायदा, २०१५ याच्या ७५व्या कलमानुसार, मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याला मारहाण करणं किंवा त्याची जाणूनबुजून हेळसांड करणं हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे.

तुम्ही डॉक्टर नसाल, तरी शिक्षक असाल, अंगणवाडीत मदतनीस असाल, किंवा शेजारचं पोर महिनाभर अंगणात दिसलं नाही हे ज्याच्या लक्षात येतं असे कुणीतरी असाल. विचारा. “बाळ दिसलं नाही बरेच दिवसांत” हे म्हणायला कुठल्याही शिक्षणाची गरज नाही. उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचारा. तरी पटलं नाही तर आशा ताईंना सांगा, जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाला कळवा, किंवा १०९८ला फोन लावा. ही हेल्पलाइन १९९६मध्ये मुंबईतच सुरू झाली. फोन फुकट असतो, दिवसरात्र उचलला जातो, आणि फोन करणाऱ्याकडे पुरावा असण्याची अट नाही.